मला एकतीस फुटी म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी दाटल्या गळ्याने सांगायची असते, असा रिवाज आहे. तो मला जमणार नाही. मी गळते ती छताच्या सांध्यातून, डोळ्यांतून नाही.

माझ्या पुढच्या भागात चालकाची खुर्ची आहे, मागे पलंग आणि मध्ये शेगडी, मोरी आणि जेवणाचे टेबल. माझ्या कुशीवर मोठ्या निळ्या आकड्यांत ‘३१’ लिहिले आहे. कारखान्याने मला ज्या नकाशावरून बांधले, त्याचा तो क्रमांक. ते माझे नाव आहे, माप नव्हे. एखाद्याचे नाव हजारे असले म्हणून तो हजार फूट उंच असतो का? पण माणसे माझ्या कुशीकडे पाहतात आणि म्हणतात, “अच्छा, एकतीस फुटी!” मी अंगाने तेहेतीस फूट आहे. पाठीवर शिडी आणि सायकली टांगायची लोखंडी चौकट धरली तर मी छत्तीसला टेकते. हे सत्य मी आयुष्यभर माझ्या पाठीवर वाहिले, पण ते कोणी विचारलेच नाही.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. मला घडवणारे बरेच कारागीर दाढीवाले होते. ते खांद्यावरून पट्टे घेतलेल्या विजारी घालत आणि आपल्या पंथाच्या नियमाने घरी वीजसुद्धा ठेवत नसत. त्यांच्यातले काही घोडागाडीने कामावर येत आणि दिवसभर माझ्या अंगात तारा, दिवे आणि पंखे बसवत. मला तेव्हा त्याचे हसू येई. मात्र हात सच्चे होते. माझे कपाट आजही कुरकुरत नाही. कुरकुरते ती मी.

माझे पहिले मालक ओहायोचे एक शांत जोडपे होते. ते मला धूत, मेण लावत, हिवाळ्याआधी छताचे सांधे बुजवत. कुठेही मुक्कामाला मला उभी करण्यापूर्वी बाई माझ्या मागच्या टोकापर्यंत चालत जाई आणि माझ्यामागे किती जागा लागते ते नवऱ्याला सांगे. त्या दोघांनी मला कधी अरुंद जागेत कोंबले नाही. रस्त्यातले लोक थांबून म्हणत, “काय देखणी गाडी!” ते दिवस मी फार बोलून दाखवत नाही, कारण बोलले की सध्याचे जास्त टोचते.

मग ते थकले आणि मी विक्रीच्या मैदानात उभी राहिले. तिथे ओरिन टॉर्सन आला. नॉर्थ डाकोटातल्या एका गावच्या धान्यकोठारात तो उभे आयुष्य राबला होता आणि आता निवृत्त झाला होता. मनाने वाईट नव्हता. पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही, असा माणूस. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला, हा त्याचा स्वभाव. विकणाऱ्याने माझ्या कुशीवर थाप मारली आणि म्हणाला, “एकतीस.” ओरिनला ते एवढे आवडले की त्याने दुसरा प्रश्नच विचारला नाही.

आता या देशात रानातल्या आणि तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागा जुन्या काळी तंबूवाल्यांसाठी आखलेल्या आहेत. प्रत्येक जागेपाशी पाटी असते, ‘जास्तीत जास्त इतके फूट’. पंचवीसची पाटी असली की ओरिन जागा राखून ठेवताना पंचवीस लिहीत असे. तीसची असली की तीस. जणू मी त्याची विजार आहे, हवी तशी दुमडावी! त्या खोट्याचे वळ मात्र माझ्या अंगावर उठत. एका पाइनच्या झाडाने माझा डावा गाल सोलला. एका दगडाने मागचा दिवा फोडला. ओरिनने तिथे लाल चिकटपट्टी लावली आणि शेजाऱ्याला म्हणाला, “या म्हशीला वळताच येत नाही.” नाचता येईना, अंगण वाकडे! माझ्या तळचाकांची आग थेट छतापर्यंत गेली.

त्याची बायको व्हर्ना त्याला सांगून थकली.

“ओरिन, शिडी धर, चौकट धर. सगळं धरून लिहितात.”

“शिडी काय गाडी असते का? टोपी घातली म्हणून माणूस उंच होतो का?”

“टोपी दाराला अडकते ना, तेव्हा दाराला विचार.”

ओरिन खो खो हसे. बायकोचे बोलणे त्याला फार आवडे, पण फक्त हसण्यापुरते.

व्हर्नाची थोरली बहीण आर्डिस मोंटानातल्या एका तळ्याकाठी दर उन्हाळ्यात मोटारीमागे जोडायची आपली छोटीशी ओढगाडी घेऊन उतरे. शेजारची जागा या दोघांची ठरलेली. पूर्वी त्यांच्याकडेही तसलीच चिमुकली गाडी होती. तिला मागे घेताना आर्डिस पाठीशी उभी राहून, “ये, ये, ये, बस!” अशी हाक देई. तो तिचा मान होता. नवी सून घरात घ्यावी तशी ती गाडी आत घेई.

या वर्षी गोष्ट वेगळी होती. आर्डिसची दृष्टी मधोमध विझत चालली होती. कडेचे दिसे, समोरचे धुरकट. हिवाळ्याआधी मुलगा तिला आपल्याकडे ॲरिझोनात नेणार होता आणि तिची ओढगाडी विकणार होता. डोळ्यांत उजेड आहे तोवर बहिणीबरोबर एक आठवडा ते तळे पाहायचे, एवढीच तिची मागणी होती; मुलगा तिला ओढगाडीसह तिथे सोडून जाणार होता. व्हर्नाने त्यासाठी घरून बटाट्याच्या मऊ पोळ्या लाटून आणल्या होत्या. त्यांच्या घरी त्याला लेफ्सा म्हणतात. आईच्या लाटण्याने लाटलेल्या, आर्डिसला आवडतात तशा पातळ.

त्या जागेची पाटी होती एकतीस फुटांची. ओरिनला आकाश ठेंगणे झाले.

“बघ, आपल्यासाठीच बांधलीय!”

“वर हमरस्त्याजवळ मोठ्या जागा आहेत,” व्हर्ना म्हणाली. “तू गाडी घेऊन तिथे राहा. मी आर्डीच्या गाडीत झोपते.”

“आणि मी एकटा काय करू? कॉफी कोण पाजणार?”

“कॉफीला हात लागतात, ओरिन. ते तुलाही आहेत.”

पण त्याने ऐकले नाही. आम्ही दुपारी तळ्यावर पोहोचलो. मुक्कामाची राखण नोरीन नावाची एक बाई करीत असे. ती आपल्या छोट्या बॅटरीच्या गाडीतून आली आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहू लागली.

“किती फूट?”

“एकतीस. लिहिलंय की बाजूला.”

“सगळं धरून?”

“सगळं धरून,” ओरिन म्हणाला. मित्रांनो, डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता!

नोरीनच्या गाडीत मोजायची फीत होती. मला ती दिसत होती. पण आमच्यामागे आणखी गाड्या खोळंबल्या होत्या आणि एकजण सारखा भोंगा वाजवत होता. ती तिकडे गेली. मला ओरडावेसे वाटले. मला तोंड नाही, भोंगा आहे, आणि भोंग्यावर हात ओरिनचा.

दुसऱ्याची गाडी मागे घेताना पाहणे हा मुक्कामावरचा फुकटचा तमाशा असतो. शेजाऱ्यांनी घडीच्या खुर्च्या आमच्याकडे वळवल्या.

“मागच्या वर्षी एक जण थेट पाण्यात गेला होता,” एक म्हातारा म्हणाला.

“हा निदान जेवणाच्या टेबलापर्यंत तरी जाईल,” दुसरा म्हणाला.

आर्डिस काठी टेकत आपल्या गाडीतून बाहेर आली. तिने बहिणीला घट्ट धरले, ओरिनच्या गालावर थोपटले, मग माझ्या दारावरून हात फिरवला. “केवढी मोठी गं ही! मला सावलीवरूनच कळलं.” सगळ्यांत कमी दिसणाऱ्या बाईने मला सगळ्यांत नीट पाहिले होते.

“मी हाक देणार,” ती म्हणाली. “माझी जागा कुणाला देऊ नका.”

“आर्डी, तुला दिसत नाही,” व्हर्ना म्हणाली.

“मला ऐकू येतं. आणि यंदा नाही तर कधी?”

तेव्हा ओरिन ऐटीत रस्त्याच्या कडेपासून पावले टाकत आत गेला. एकतीस फूट भरले असे त्याला वाटले तिथे त्याने बुटाच्या टाचेने खडीत आडवी रेघ ओढली आणि आर्डिसला हाताला धरून रेघेपलीकडे जेमतेम एक पाऊल नेऊन उभे केले.

“इथे उभी राहा. गाडी या रेघेच्या पुढे येणारच नाही. देवाशपथ.”

व्हर्नाला त्याने माझ्या नाकापाशी उभे केले, रस्त्यावर माझे तोंड राहू नये म्हणून. ओरिन आरशांत पाहत होता. आरशांत झाडे दिसत होती, तळे दिसत होते. माझ्या पाठीमागचे मात्र काही दिसत नव्हते.

“ये, ये, ये,” आर्डिसचा आवाज आला. गोड, खणखणीत.

माझी मागची चाके आत वळली. माझे तोंड अजून रस्त्यावर होते. “अजून मागे घे,” व्हर्ना म्हणाली. तिला रेघेचा शब्द खरा वाटत होता, कारण नवऱ्याने देवाची शपथ घेतली होती. माझ्या पाठीवरची चौकट रेघेवरून गेली. आर्डिस “बस” कसे म्हणणार? ती रेघेवर भरवसा ठेवून उभी होती आणि तिच्या डोळ्यांपुढे फक्त धूर होता. चाकांखालच्या खडीचा आवाज फार जवळ आला, हे तिला कळले तेव्हा तिने एक पाऊल मागे घेतले. ते पुरले नाही. चौकटीचे टोक तिच्या कंबरेला लागले आणि ती खाली पडली.

ती ओरडली नाही. ओरडला तो खुर्चीतला म्हातारा. ओरिनने ब्रेक मारला आणि माझ्या कपाटातले सगळे डबे खाली आले. लेफ्साच्या पोळ्या जमिनीवर पसरल्या.

नोरीनने आर्डिसला गावच्या दवाखान्यात नेण्यासाठी रुग्णवाहिका बोलावली. खुब्याचे हाड मोडले होते. व्हर्ना बहिणीबरोबर गेली आणि तो आठवडा तिने पलंगाशेजारच्या खुर्चीत काढला. मुलगा आला आणि आईला दवाखान्यातूनच ॲरिझोनाला घेऊन गेला. ते तळे आर्डिसला पुन्हा दिसले नाही. आता तिला ते दिसणारही नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, ओरिन बदलला असेल. पहिल्या दिवशी तो माझ्या पायरीवर बसून रडला, हे खरे. पण शरम पोटात फार दिवस ठेवता येत नाही. काही माणसे ती गिळतात, काही दुसऱ्याच्या पदरात टाकतात. आठवडा संपेपर्यंत तो शेजाऱ्यांना सांगू लागला, “बिचारी रेघ ओलांडून पुढे आली असेल. तिला दिसत नव्हतं ना.” आणि पुढे माझ्या अंगावर लाथ मारून, “आणि ही लबाड! एकतीस सांगते आणि निघते भलतीच.” चोराच्या उलट्या बोंबा! मी सांगितले एकतीस? मी? मी तर कारखान्यातून निघाल्यापासून आहे तेवढीच आहे. एक बोटभर वाढले नाही, एक बोटभर कमी झाले नाही. शब्द बदलणारे दुसरेच.

व्हर्ना त्यानंतर माझ्यात बसली नाही. घरी ती बसने परतली. मला अंगणाच्या कोपऱ्यात उभे केले. चाकांतली हवा गेली. छताच्या सांध्यातून पाणी पलंगावर ठिबकले. कोणी पुसले नाही. शेवटी ओरिनने चाकांत हवा भरून मला विकायला काढले.

काल एक तरुण जोडपे मला पाहायला आले. कोल्टन आणि त्याची बायको मेरिट. मेरिटने माझे कपाट उघडले, मिटले आणि हसून म्हणाली, “अजून कुरकुरत नाही!” किती दिवसांनी कोणी माझे कौतुक केले! पण मला आनंद झाला नाही, कारण कोल्टनने लगेच विचारले, “किती फूट?”

ओरिनने माझ्या कुशीवर थाप मारली.

“एकतीस. लिहिलंय की.”

“जरा मागे घेऊन बघू का?”

“खुशाल. पोरी, तू त्या खांबापाशी उभी राहा आणि हाक दे. तिथवर येणारच नाही.”

मेरिट खांबापाशी गेली. कोल्टनने किल्ली फिरवली. माझे इंजिन खोकत सुरू झाले. माझे सारे लोखंड थरथरत होते. त्यांना वाटले, जुनी गाडी आहे, थरथरायचीच.

तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार उघडले. व्हर्ना ओल्या हातांनी अंगण ओलांडून धावत आली. तिने ओरिनकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ माझ्यामागे गेली आणि मेरिटला दंडाला धरून बाजूला ओढले.

“तिथे उभी राहू नकोस, बाळा. तिथे माझी बहीण उभी होती.”

कोल्टनने इंजिन बंद केले. मग व्हर्ना घरात गेली, शिवणाच्या डब्यातली फीत घेऊन आली आणि तिचे एक टोक ओरिनच्या हातात दिले.

“धर,” ती म्हणाली. “आणि मोठ्याने वाच.”

फीत छोटी होती. ती पुन्हा पुन्हा पुढे सरकवावी लागली. प्रत्येक वेळी ओरिनला आकडा मोठ्याने म्हणावा लागला, आणि दर आकड्यागणिक त्याचा आवाज बसत गेला. एकतीस आले तेव्हा माझी पाठ अजून बरीच पुढे होती. तो थांबला. व्हर्ना थांबली नाही.

मित्रांनो, मला धुवा किंवा धुऊ नका, मेण लावा किंवा लावू नका. पण जी पाटी तुम्हाला अडवते तिला फसवू नका. आम्हा मोठ्या अंगाच्यांना जागा कमी मिळाली तर राग येत नाही. आम्ही हमरस्त्याच्या कडेलाही सुखाने राहू. फीत माझ्या चौकटीच्या टोकाला लागली आणि ओरिनने “छत्तीस” म्हटले, तेव्हा ते मलाही धड ऐकू आले नाही. व्हर्ना म्हणाली, “पुन्हा सांग. आर्डीला ऐकू जाईल असं सांग.”