गाळलेलं नववं रीळ

केडगावात नियाज शेखसमोर कुणी गुपित बोलत नसे. गुपित सोडा, कुणाकडे काय भाजी केली हेसुद्धा तो दिसला की बंद. कारण हा माणूस खबरी होता. सिनेमात.

तरुणपणी त्याचं सायकलचं दुकान होतं. 'पुडीचा माग'चं शूटिंग नगरला आलं, खबऱ्याचं काम करणाऱ्या मुंबईच्या नटाला इथली भेळ झेपली नाही, आणि दिग्दर्शकानं समोर पंक्चर काढत बसलेल्या नियाजला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला गर्द विकणारी टोळी आणि मधे नियाज.

पुढे तो सिनेमा जत्रेत, तंबूत लागला. तंबूवाल्याची एक पद्धत होती. शेजारचा तमाशा सुरू व्हायच्या आत खेळ संपवायचा, म्हणून ज्यात गाणं नाही असं एखादं रीळ तो सरळ गाळायचा. नवव्यात गाणं नव्हतं. त्यामुळे केडगावनं पाहिलं ते एवढंच: नियाज टोळीच्या म्होरक्याच्या कानात इन्स्पेक्टरचा पत्ता सांगतो. लगेच पांढऱ्या चादरीखाली प्रेत, रडणारे पोलीस आणि समाप्त.

"इन्स्पेक्टरला खाल्लास की रे!" मसालेवाली लंकाबाई तंबूतच ओरडली होती.

"अहो, मी पत्ता खोटा देतो! पुढं आहे ते!"

"खबरी असंच बोलणार."

तेव्हापासून असंच चाललं होतं. आणि खरी गोम अशी, की नववं रीळ नियाजनंही कधी पाहिलं नव्हतं. दिग्दर्शकानंच ते कापलं असलं तर?

यंदा कुणीतरी जुन्या निगेटिव्हवरून सिनेमा धुऊनपुसून नवा केला आणि नगरला त्याचा खेळ ठेवला. नियाजची नात तमन्ना कोर्टात वकिली करते. तिनं टेम्पो ठरवून अख्खी गल्ली आत भरली. "नाना, आज तुमची केस बोर्डावर आहे," ती म्हणाली. वाटेत टेम्पोत कुणी बोललं नाही. आत खबरी होता.

पडद्यावर तरुण नियाज कुजबुजला. म्हाताऱ्या नियाजनं डोळे मिटले.

"नाना, बघा!"

टोळी दिलेल्या पत्त्यावर पोचली. तो पोलीस लाईनचा पत्ता होता. अंगणात लेंगे वाळत घालणाऱ्या हवालदारांनी टोळीला त्याच दोऱ्यांनी बांधलं. निसटलेल्या म्होरक्यानं नियाजला गाठलं. "इन्स्पेक्टर कुठाय?" नियाजनं ओठ मिटले ते गोळी लागल्यावरही उघडले नाहीत.

मग ती चादर. तंबूत गाळलेल्या त्या रिळाच्या शेवटी इन्स्पेक्टरनं स्वतःच्या हातानं ती सारखी केली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"अगं बया, मेलाय तो ह्यो व्हय!" म्हणत लंकाबाई उठली. मागोमाग गल्ली उठली. आपल्याच मयताला उभं राहावं की नाही, हे नियाजला कळेना. शेवटी राहिला, इन्स्पेक्टरचा मान म्हणून. छाती मात्र आपोआप पुढे आली.

बाहेर लंकाबाईनं त्याला भिंतीपाशी ओढलं, पदर तोंडाशी धरला आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. "कुनाला बोलू नगंस, नियाजभाऊ." तिच्यामागे रांग लागली होती. एकेक जण आला, कानात बोलला आणि हलका होऊन टेम्पोत बसला.

"नाना, लंकाबाई काय म्हणाली?" तमन्नानं विचारलं.

नियाजनं तिच्याकडे पाहिलं. मग पडद्यावर मिटले होते तस्सेच ओठ मिटले आणि ताठ बसून राहिला, पार केडगाव येईपर्यंत.