रबरी आजोबांची नाडी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, आजवर कुणाचाच बसलेला नाही. मी एक जुना रबरी पुतळा आहे. या नर्सिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर पडून असतो. आणि एका दुपारी माझी नाडी लागली होती. खरीखुरी. चांगल्या जाणत्या बाईंनी हातातलं घड्याळ बघून ती मोजली होती.

हसून घ्या. शाळेची मुलं इथं आली की आधी हसतातच. मग कुणीतरी माझं नाक दाबून बघतं. तेही उरकून घ्या. हां, ही दोन वेण्यांची मुलगी लागलीच कामाला. फक्त माझी चादर ओढू नका, मला थंडी वाजते. तुम्हाला इथं घेऊन आलेल्या या कॉलेजच्या बाई बघा, कपाटापाशी टॉवेलच्या घड्या घालताहेत. त्यांना ही गोष्ट पाठ आहे, म्हणून त्या आपल्याकडे पाठ करून उभ्या आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या शेजारच्या साच्यांतून दुकानात उभे राहायचे पुतळे निघत होते. त्यांना नवे कपडे घालून, काचेआडून रस्त्यावरची गंमत बघत उभं राहायचं होतं. मला मात्र पाठीवर झोपवूनच घडवलं. तेव्हापासून मी आडवा आहे. आडवं पडणं म्हणजे आराम असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस जराही न हलता पडून पाहावं. मला कधी स्वस्थ वाटत नाही. उठावं, खिडकीपर्यंत जावं, फाटकाबाहेर काय चाललंय ते बघावं, असं सारखं वाटत राहतं. त्यातून माझी एक पापणी मिटत नाही. त्यामुळे डोळा लागण्याचा प्रश्नच मिटला.

मी आलो तेव्हा माझा थाट मोठा होता. माझ्यापायी त्या वर्षी मुलींची फी वाढली, एवढी माझी किंमत. कॉलेजचे चालक होते, बोलताना किल्ल्यांचा जुडगा बोटावर गरगर फिरवायचे. ते पालकांना माझ्यापाशी आणून सांगत, "फी कुठं जाते विचारत होतात ना? ही बघा, इथं झोपलीय." पालक माझ्याकडे अशा नजरेनं बघत की मला कूस बदलून भिंतीकडे तोंड करावंसं वाटे. कुणी दुकानाचा अर्धा गाळा विकलेला असे, कुणी सख्ख्या बहिणीपुढं हात पसरलेला असे. आणि मी तिथं गुळगुळीत गालांनी पडलेलो.

कामात मात्र मी कधी कुचराई केली नाही. मुली मला आजोबा म्हणत, आणि माझ्याशी बोलत. तसा नियमच होता. पेशंटला हात लावण्याआधी त्याला सांगायचं, मग हात लावायचा. "आजोबा, कूस बदलते हां." "आजोबा, जरा टोचेल." पुतळ्याशी काय बोलायचं म्हणून जी मुलगी लाजायची, तिला पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागे. इंजेक्शनं सगळी उजव्या दंडात, आणि औषधाच्या जागी साधं पाणी. ते इतकं टोचलं गेलं की एका उन्हाळ्यात कॉलेजची टाकी आटली, तेव्हा माझा दंड पिळून सगळ्या वसतिगृहाच्या आंघोळी झाल्या. माना हलवू नका. हे तर किरकोळ आहे, नाडीची गोष्ट पुढंच आहे.

त्या मुलींत एक होती. मैत्रिणींनी तिचं नाव वावटळ ठेवलं होतं. तिला एका जागी बसवत नसे, आणि म्हणून माझं तिच्याशी जमलं. मला पडल्या पडल्या जे करावंसं वाटायचं ते ती करून मोकळी व्हायची. अवजारं वाफेवर शुद्ध करायचं यंत्र असतं ना, त्यातली वाफ पुरती जाऊ द्यायची आणि मगच झाकण उघडायचं. तेवढा धीर हिला कुठला? पहिल्याच वर्षी उजव्या मनगटाला आतल्या बाजूनं चटका बसला. जखम भरली, पण कोयरीच्या आकाराचा पांढरा डाग कायमचा राहिला. तो मला दाखवत ती म्हणाली, "आजोबा, कॉलेजकडून पहिलं सर्टिफिकेट मिळालं बघा."

तिचे वडील बस डेपोत ब्रेक दुरुस्त करायचे. फीची मुदत वाढवून मागायला यायचे तेव्हा ऑफिसात जाण्याआधी या दारात थांबून मलाही विचारायचे, "काय आजोबा, बरं आहे ना?" त्यांना वाटे, मुलगी ज्याची सेवा करते त्याला न विचारता पुढं जाणं बरं दिसत नाही.

आता माझ्या तळमळीचं खरं कारण सांगतो. फाटकावर एक बोर्ड होता. इथं शिकलेली प्रत्येक मुलगी नोकरीला लागते, असं त्यावर लिहिलेलं होतं. पण शिकून गेलेल्या मुली काही कागद न्यायला आल्या की माझ्या पायथ्याशी टेकत आणि मन मोकळं करत. एक मोठ्या हॉस्पिटलात होती, खरंच चांगलं चाललं होतं तिचं, फक्त पाय सुजायचे. एक परदेशी गेली होती. एक मात्र औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसत होती. एक चांगल्या मार्कांनी पास होऊन घरीच होती, कारण गल्लोगल्लीची छोटी हॉस्पिटलं न शिकलेल्या मुली निम्म्या पगारावर ठेवत होती. आणि एक लग्न होऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करत होती. चालकांनी तिलाही नोकरीवाल्यांत धरलं होतं. म्हणाले, "शुश्रूषाच ना ती? मग लागलीच की कामाला."

अशा गोष्टी लपत नाहीत. पालक पालकांना भेटतात. पुढच्या वर्षी मुली कमी आल्या. कमी आल्या म्हणून चालकांनी आहेत त्यांची फी वाढवली, आणि फी वाढली म्हणून त्यानंतर आणखी कमी आल्या. बाकं रिकामी राहू लागली. माझ्या खोलीतला आवाज कमी झाला. मला शांतता सोसत नाही, मित्रांनो.

अशात तपासणी येणार असल्याचं कळलं. नर्सनं खऱ्या पेशंटवर शिकावं, म्हणून कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं आणि त्यातल्या खाटा भरलेल्या लागतात. आमचंही होतं, अंगणापलीकडे. त्यात एक खोकणारे रखवालदार आणि पुष्कळशी कबुतरं होती. हे उघड झालं तर कॉलेजची मान्यता जाणार, वर्ग बंद पडणार, आणि मुलींना अर्ध्यातून घरी बसावं लागणार. भरलेली फी परत नाही. वावटळीची दोन वर्षं झाली होती, एकच राहिलं होतं. त्या आठवड्यात तिनं माझी चादर इतक्यांदा बदलली की माझी पाठ घासली गेली. हात थांबले की डोकं सुरू होतं, म्हणायची.

चालकांनी मात्र युक्ती काढली. ज्या पालकांची फी थकली आहे त्यांनी एक दिवस येऊन पेशंट म्हणून झोपायचं, आणि कण्हायचं. आले बिचारे. कुणी शिंपी, कुणी गवंडी, आणि वावटळीचे वडील. तरी एक खाट उरलीच. चालकांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

मला उचलून वॉर्डात नेलं. जन्मात पहिल्यांदा मी दुसरी खिडकी पाहिली, आणि तीही कबुतरांनी भरलेली. डाव्या हाताला बोटांपर्यंत प्लॅस्टर घातलं, कारण रबर हाताला लगेच कळतं. उजव्या हाताचं काय केलं ते विचारू नका. तो होता, एवढं धरून चला. हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढायचं काम वावटळीकडे आलं, आणि ती ते करत होती तोच बाहेर पावलं वाजली. बाप ओळखू येतील म्हणून मुलींनी वॉर्डात दिसायचं नाही असा हुकूम होता. पळायला वेळ नव्हता. ती माझ्या खाटेखाली शिरली. नुसती शिरली. तिनं तिथं दुसरं काहीही केलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

तपासणीच्या बाई वयस्कर होत्या. जन्मभर नर्स म्हणून उभ्या राहिलेल्या, त्यामुळे बसा म्हटलं तरी बसेनात. एकेका खाटेपाशी थांबत त्या माझ्या शेजारी आल्या. तिथं वावटळीचे वडील होते.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"कंबर धरलीय," असं म्हणून त्यांनी गुडघा धरला.

"कंबर बरीच खाली उतरलीय तुमची," बाई म्हणाल्या.

चालकांच्या बोटावरच्या किल्ल्या जोरात फिरू लागल्या. माझ्यापाशी येताच ते कुजबुजले की हा पेशंट फार गंभीर आहे, आत्ताच झोप लागलीय, नको उठवायला.

"यांचा एक डोळा उघडा आहे," बाई म्हणाल्या. मग वाकल्या आणि मला म्हणाल्या, "आजोबा, हात बघते हां तुमचा."

मित्रांनो, एवढ्या मोठ्या बाई, पण आधी सांगितलं आणि मग हात पुढं केला. आता ब्लँकेट सरकणार, मान्यता जाणार, आणि माझ्या खाटेखाली जी श्वास रोखून बसली होती तिची दोन वर्षं बुडणार. मी सगळा जीव एकवटला आणि उजवा हात बाहेर काढला. जरा खालून आला, खाटेच्या कडेवरून. या वयात खांदा उतरतो. पण आला. बाईंनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागल्या. माझी नाडी अशी धावत होती की तिच्या जोरानं खाटेची चाकं फिरली आणि खाट वीतभर पुढं सरकली.

मोजून झालं तरी बाईंनी हात सोडला नाही. त्यांनी तो उताणा केला. नखं मांसापर्यंत कापलेली होती. मनगटाच्या आत कोयरीसारखा पांढरा डाग होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःची बाही जराशी वर सारली. त्यांच्याही मनगटावर तसाच डाग होता, जुना, सुरकुत्यांत गेलेला. माझ्या न मिटणाऱ्या डोळ्यानं मी तो नीट पाहिला. चालकांना तो दिसला नाही. ते कबुतरं हाकलत होते.

शेजारच्या खाटेवर मात्र कण्हणं थांबलं होतं. वावटळीच्या वडिलांनी तो हात पाहिला होता. रोज ताट वाढून घेताना दिसायचा त्यांना. त्यांनी गुडघा सोडला आणि उठून बसले.

"तुमचा शेजारी फार घाबरलाय," बाई त्यांना म्हणाल्या.

"घाबरणारच, बाई," ते म्हणाले. बोलताना त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, त्या हातावर होती. "दोन वर्षं काढलीत त्यानं इथं. आता मधूनच घरी पाठवलं तर जायचं कुठं त्यानं?" आणि लगेच पुढं जोडलं, "कामाला चांगला आहे. हात हलका आहे त्याचा."

बाई वळून चालकांना म्हणाल्या, "इथं हा एकच पेशंट खरा आहे. बाकीच्यांना सोडा, त्यांची कामं खोळंबली असतील." आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. वॉर्डात खरे पेशंट येईपर्यंत नवी मुलगी घ्यायची नाही. ज्या आहेत त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेऊन शिकवायचं, त्याचा खर्च कॉलेजनं करायचा, फी वाढवायची नाही, आणि एकीलाही अर्ध्यातून उठवायचं नाही. फाटकावरचा तो बोर्ड आजच काढायचा. चालकांच्या किल्ल्या पहिल्यांदा थांबल्या.

बाईंनी तो हात, म्हणजे माझाच, अलगद ब्लँकेटखाली ठेवला. "येते, आजोबा," म्हणाल्या. "वाफ पुरती जाऊ द्यावी. मग झाकण उघडावं."

पुढं दोन वर्षं एकही नवी मुलगी आली नाही. चालक कंटाळून दुसऱ्या धंद्याला लागले. नवी माणसं आली, कबुतरं गेली, पेशंट आले. आता मुली थोड्याच असतात, फी बेताची असते, आणि बोर्डावर फक्त कॉलेजचं नाव असतं. वावटळ पास झाली का, कुठं लागली, हे मला विचारू नका. मी तिला शब्द दिलेला आहे.

पण माझी तळमळ काही गेली नाही. गेल्या महिन्यात त्या कोपऱ्यात एक नवा पुतळा आला. बटण दाबलं की तो श्वास घेतो, खोकतो, आणि त्याला नाडी आहे म्हणे. बटणाची नाडी. त्याच्यासाठी माझी खाट हवी आहे आणि मला माळ्यावर टाकणार आहेत. तिथं खिडकी नाही, बोलायला कुणी नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जो पडून आहे त्याला सामान समजू नका. त्याला हात लावण्याआधी दोन शब्द बोला, काय करणार ते सांगा. माणूस असो, नाहीतर रबर असो. आणि जाताना या बाईंना सांगा की ज्या उजव्या हातानं सगळं कॉलेज वाचवलं, तो हात माळ्यावर ठेवणं बरं दिसत नाही.

मघापासून माझं नाक दाबणारी ती दोन वेण्यांची मुलगी पुढं झाली.

"आजोबा, चादर काढते हां," ती म्हणाली आणि तिनं चादर खांद्यापासून खाली ओढली. सगळ्यांनी पाहिलं. "खोटं सांगताय तुम्ही. तुम्हाला उजवा हातच नाहीये. खांद्याला नुसतं भोक आहे, त्यावर धूळ बसलीय. मग नाडी कुणाची होती?"

मला दुसरीही पापणी मिटून घ्यावीशी वाटली. कपाटापाशी टॉवेलची घडी अर्धीच राहिली होती. बाईंनी वर सारलेली बाही घाईघाईनं मनगटापर्यंत ओढली, पण त्या मुलीचे डोळे माझ्या उघड्या डोळ्यापेक्षा तेज होते. ती सरळ चालत त्यांच्यापाशी गेली.

"बाई," ती म्हणाली, "हात बघते हां तुमचा."