प्रोफेसरांनी लिहून घेतलेला खोकला

आमच्या शांघायच्या चहाघरात दर सोमवारी दुपारी आम्ही म्हातारे गोल टेबलाभोवती बसून वाजवतो. चाल सगळ्यांची एकच, पण ज्याने त्याने ती आपल्या वळणाने न्यायची. गेल्या सोमवारसारखीच आज वाजवली, तर लोक तब्येत विचारतात. मी बासरीला. माझ्या डाव्या हाताला छू युंगगेन, त्याचं दोन तारांचं अर्हू मांडीवर घेऊन.

व्हिएन्नाला शिकून आलेले प्रोफेसर शे एकदा येऊन छूचं वादन यंत्रावर टिपून घेऊन गेले. त्यांना पूर्व-पश्चिमेचं लग्न लावायचं होतं म्हणे. नवरी आमच्याकडची, मांडव, मंगलाष्टकं आणि जेवण त्यांचं. सहा महिन्यांत ऐंशी वादकांची रचना तयार झाली आणि छूला निरोप आला: मधल्या खुर्चीत तुम्ही.

छू हरखला. त्याची बायको चाळीस वर्षं म्हणत आली होती, "तुमचं कुंईकुंई ऐकायला तिकीट काढून कोण येतंय हो?"

पहिल्याच तालमीत प्रोफेसरांनी हातातली ताल द्यायची काडी खाली ठेवली.

"छू काका, चुकलात."

"माझंच आहे की हे."

"तुमचंच. पण तेव्हा तुम्ही असं वाजवलं नव्हतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि इथला खोकला राहिला."

यंत्रावर टिपलं त्या दुपारी टरबुजाच्या बीचं टरफल घशात अडकून छूला वाजवता वाजवता खोकला आला होता. प्रोफेसरांनी त्याला 'पौर्वात्य पोकळी' असं नाव देऊन खाली सोळा व्हायोलिनांना तसाच ठसका लिहिला होता.

"प्रोफेसर, टरफल अडकलं होतं हो."

"कलावंताला आपलं मोठेपण कळत नाही," प्रोफेसर मायेने म्हणाले. "पाठ करा. नाहीतर माझा एक विद्यार्थी तुमच्यापेक्षा जास्त तुमच्यासारखा वाजवतो."

छू तीन महिने स्वतःला घोकत बसला. मी म्हटलं, "सोड रे." तर म्हणाला, "एकदाच. बायकोला पहिल्या रांगेत बसवतो, मग सोडतो."

कार्यक्रम दणक्यात झाला. खोटं वाटेल, पण सोळा व्हायोलिनांना एकदम ठसका लागला तेव्हा एका समीक्षकाने दोन रुमाल भिजवले. दुसरा रुमाल शेजाऱ्याचा होता. बाहेर आल्यावर बायको छूला म्हणाली, "आत्ता कुठे माणसांत आलात."

सोमवारी छू नवे बूट घालून आला. चाल सुरू झाली. मी नेहमीसारखा वळणावर रेंगाळलो; तो सरळ पुढे निघून गेला. मी आडवाटेने गाठू पाहिलं, त्याने वळूनही पाहिलं नाही. पुढच्या सोमवारी तेच, तिथेच, तितकंच.

तिसऱ्या सोमवारी मी त्याचा चहा ओतला आणि पेला खिडकीजवळ, ऐकणाऱ्यांच्या बाकावर नेऊन ठेवला.

"युंगगेन, आज तिकडे बस."

त्याने अर्हू पिशवीत घातलं. "कुठे चुकलो, तेवढं सांग."

"कुठेच नाही," मी म्हणालो.