ब्रिसोलच्या तळ्याभोवती

मित्रांनो, मला कुणी बांधले नाही. माझ्यावर खडी पडली नाही, रोलर फिरला नाही, माझ्यासाठी कुणी फीत कापली नाही. मी एक जुनी पायवाट आहे आणि माझा जन्म पायांतून झाला. ब्रिसोल गावच्या बायका धुण्याची गाठोडी घेऊन तळ्यावर जात. त्यांच्या लाकडी बुटांखाली आधी गवत दबले, मग हळूहळू माती उघडी पडली. पलीकडच्या काठावर जंगलात कोळसा पाडणारे लोक राहत. त्यांची मुले शाळेसाठी अलीकडे येत. येताना खिशात चेस्टनट भरून आणत आणि टरफले माझ्या अंगावर टाकत जात. अशी मी दोन्ही बाजूंनी वाढत गेले आणि एके दिवशी माझी दोन टोके एकमेकांना भेटली. मी तळ्याभोवती गोल झाले.

पुढे घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आली. कोळसेवाले शहरात कामाला गेले. मला वाटले, संपले आपले दिवस. तेवढ्यात वेगळीच माणसे येऊ लागली. पाठीवर पिशवी, हातात काठी आणि काम मात्र काहीच नाही! पहिल्यांदा मला वाटले, यांचे काहीतरी हरवले असावे, म्हणून गोल गोल फिरत शोधत आहेत. बगळा दिसला तरी ती थांबत. एखाद्या ओकच्या बुंध्याला हात लावून उभी राहत. मग पावाबरोबर चीज खात, पिशवी झटकत आणि पुढे जात. धुणेवाल्या बायकांनी माझ्याकडे कधी पाहिलेही नव्हते. ही माणसे मला पाहायलाच येत होती. खरे सांगते, मला फार बरे वाटले.

या लोकांनी वाट चुकू नये म्हणून झाडांवर पिवळे पट्टे रंगवलेले असत. ते काम सोलांजकडे होते. सोलांजने सगळी उमर पावाची गाडी चालवली. गावोगाव भोंगा वाजवत ती पाव विकायची. निवृत्त झाल्यावर तिने रंगाचा डबा हातात घेतला. दर वसंतात ती येई, जुने पट्टे खरवडून नवे काढी आणि स्वतःशीच बडबडत राही. माझ्यावर फांदी पडली तर उचलून बाजूला टाकी. पलीकडच्या काठाला एक ओढा तळ्याला मिळतो. त्याच्यावर फळ्यांचा छोटा पूल होता. फळ्या कुजत चालल्या होत्या. सोलांजने गावच्या मेयरना सांगितले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही ते तेच म्हणाले.

पलीकडचे जंगल बाझीलचे. मी गावाची, पण माझ्या दोन्ही अंगांची झाडे त्याची. चढावर दगडी घरात तो आणि त्याची बायको एर्मिन राहत. एर्मिनला चालण्याची भारी हौस. ती रोज सकाळी एक फेरी मारल्याशिवाय कॉफीला तोंड लावत नसे.

एकदा शरदात ती टोपली घेऊन अळंबी गोळा करायला निघाली. पुलावर आली आणि मधली फळी मोडली. ती खाली ओढ्यात कोसळली. तिचे खुब्याचे हाड मोडले. पाणी गुडघाभरच होते, पण फार गार होते. तिने हाका मारल्या. वर घराशी बाझील लाकडे फोडत होता, त्या आवाजात त्याला काही ऐकू गेले नाही. मी तिथेच होते, मित्रांनो, तिच्या हाताला लागून. पण वाट काय करणार?

दुपार कलली तेव्हा एक परकी बाई चालत आली. तिच्या पाठीवर लाल पिशवी होती. तिने हाक ऐकली, पाण्यात उतरली, आपला कोट काढून एर्मिनच्या अंगावर घातला आणि चढावरच्या घराकडे धावत सुटली. बाझील आला. त्याने बायकोला हातांवर उचलून वर नेले. त्या धांदलीत ती बाई निघून गेली. तिचे नाव विचारायचे कुणाला सुचलेच नाही.

आठवड्याभराने बाझीलने माझ्या आडवी काटेरी तार ठोकली. पुलाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. तारेवर पाटी लावली, 'खाजगी. प्रवेश नाही.' ज्यांनी पूल दुरुस्त केला नव्हता ते मेयर कुठल्या तोंडाने बोलणार?

मग माझे वाईट दिवस आले. लोक अर्ध्यावर येत, तार बघून शिव्या घालत आणि माघारी फिरत. पुढे पुढे यायचेच बंद झाले. पाय थांबले की गवताला कळते. आधी गवत आले, मग नेचे, मग ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. रानडुकरांनी मला उकरून चिखल केला. माझ्या त्या तुकड्यावरून कधीकाळी माणसे चालत होती, हे माझे मलाच खरे वाटेना.

सोलांज मात्र दर वसंतात तारेपर्यंत येऊन शेवटच्या झाडावर पट्टा काढी. एकदा बाझील तारेपलीकडे उभा होता.

"कुणासाठी रंगवतेस? बगळ्यांसाठी?" तो म्हणाला.

"बगळे तुझ्यापेक्षा बरे. ते कुणाला अडवत नाहीत."

"माझं जंगल आहे."

"जंगल तुझं, वाट गावाची! शिकारीला एकट्याला मोकळं रान हवंय, सरळ सांग ना!"

बाझीलने पाठ फिरवली. तो चढ चढून निघून गेला.

शेवटी त्याने तो तुकडा गावाकडे विकतच मागितला. जागा पाहायला मेयर आले. गावातली चार माणसे आली. सोलांज तर सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. मेयर तारेपाशी थांबले आणि म्हणाले, "आता इथून चालतं कोण? कुणीच नाही. मग हिला वाट तरी कशी म्हणायची?"

सोलांज भडकली. "वा! तुमच्या दाराला बाहेरून खिळे ठोकले आणि म्हटलं, या घरात कुणी ये-जा करत नाही, तर चालेल तुम्हाला?"

"पाव विकायचीस तेव्हाही अशीच भांडायचीस," बाझील म्हणाला.

"आणि तू तेव्हाही असाच होतास. गाडी आली की सगळ्यांच्या पुढे!"

लोक हसले. बाझीलचा चेहरा मात्र लाल झाला. "हसा! तिला त्या पाण्यातून कुणी उचललं? मी. ओठ निळे पडले होते तिचे. तुम्ही कुणी होता तिथं? ही होती? मेयरसाहेब, तुम्ही होता?"

तेवढ्यात वरून आवाज आला.

"बाझील, आणि तुला तिथं कुणी बोलावलं?"

एर्मिन चढ उतरून येत होती. दोन्ही हातांत काठ्या. पडल्यापासून ती घराच्या अंगणाबाहेर आली नव्हती.

"तू कशाला आलीस? सगळं ओलं आहे!" बाझील धावला.

"ओलं आहे ते दिसतंय मला. विचारलं त्याचं उत्तर दे. मी पडलेय हे तुला कुणी सांगितलं?"

"एक बाई होती..."

"कोण बाई?"

"मला काय माहीत? चालणारी कुणीतरी."

"हां. चालणारी." एर्मिन थांबली. तिला धाप लागली होती. "सकाळपासून ओरडत होते मी. तुला ऐकू आलं नाही, त्यात तुझी काही चूक नाही. पण ती बाई आली नसती तर? मी पुन्हा पडू नये म्हणून तू तार लावलीस, कळतं मला. पण आता पडले तर येणार कोण?"

"आता तू खाली येणारच नाहीस," तो हळूच म्हणाला.

"ते तू ठरवलंस. मी कधी म्हटलं?"

बाझीलने मान खाली घातली. मेयर उगाच खोकले.

"मेयरसाहेब, खोकणं नंतर," एर्मिन म्हणाली. "आधी फळ्यांचं बोला."

सोलांज तारेखालून वाकून पलीकडे गेली आणि एर्मिनला टेकायला आपला खांदा दिला.

मग बाझील ओढ्याकडे बघत म्हणाला, "इथं पूल टिकणार नाही. काठ ढासळतोय. वाट वरून काढायला हवी. वर ओढा अरुंद आहे, दोन दगड टाकले की झालं."

"वर तर तुझी जमीन आहे," मेयर म्हणाले.

"मग? मला ठाऊक नाही का?"

त्या हिवाळ्यात त्याने माझा नवा तुकडा स्वतः काढला. कुऱ्हाडीने जाळी तोडली, चढावर पायऱ्या खोदल्या. गावाने चिरे पाठवले. सोलांज थर्मासमधून कॉफी आणायची आणि पट्टा कुठल्या झाडावर काढायचा यावरून त्याच्याशी रोज भांडायची. ओढ्याकाठचा माझा जुना तुकडा कायमचा गेला. तिथे आता नेचे आहेत. वाईट वाटले, नाही असे नाही. कोळसेवाल्यांच्या मुलांची पावले त्याच तुकड्यावर होती. पण वाटेने वळायला शिकावे लागते. आपण माणसांसाठी आहोत, आपल्या जागेसाठी नाही, हे मला त्या वळणाने शिकवले.

वसंतात एर्मिन फेरीला निघाली. शेजारी सोलांज. मागे थोड्या अंतरावर बाझील. त्याच्या काखेत घडीची खुर्ची होती. विचारले तर म्हणे, "मी आपली झाडं बघतोय." एर्मिन थांबली की हा लगेच खुर्ची उघडे. ती नुसते बघे आणि पुढे चालू लागे. तो घडी घालून पुन्हा मागे. सकाळी निघालेली ती तिघे दुपारी सुरुवातीच्या ओकपाशी पोचली. एर्मिन एकदाही बसली नव्हती. शेवटी खुर्चीवर बसला तो बाझीलच. दोघी त्याच्याकडे बघून इतक्या हसल्या की तळ्यातली बदके उडाली. तोही हसला. मग त्याने टोपीने डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्या गावालाही टेकडीवर, नदीकाठी, शेताच्या बांधाने जाणारी एखादी वाट असेल. तिला रंगरंगोटी नको, पाटी नको. अधूनमधून तिच्यावरून चालत जा. फांदी आडवी पडली असेल तर उचलून बाजूला ठेवा. फळी हलत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, आणि ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आम्हा वाटांना सगळे ऐकू येते, पण उठून कुणाला बोलावता येत नाही. तेवढे एक काम आम्ही तुमच्यावर सोडले आहे. म्हणून येत जा.