पंधरा शब्दांची परीक्षा
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या ऑपरेटरबाईंना एके काळी सहाशे नंबर तोंडपाठ होते. कुणी नुसतं "जरा दवाखाना द्या" म्हटलं, तरी आवाजावरून त्या ओळखायच्या, कुणाला कुठला दवाखाना हवाय ते. त्यामुळे एकाहत्तराव्या वर्षी पोस्टाच्या खिडकीत कारकुनाने फोन नंबर विचारला आणि त्यांना स्वतःचाच आठवेना, तेव्हा त्या काम अर्धवट टाकून खिडकीवरून मागे फिरल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणजे शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेले मास्तर.

"वय झालं अगं, चालायचंच," मास्तर म्हणाले. पण आदल्याच आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याशी अर्धा तास गप्पा मारून, त्याचं नाव शेवटपर्यंत न आठवता ते परतले होते. 

मुलीने हॉस्पिटलातली जाहिरात आणून दाखवली. व्यायामाने वयस्कर माणसांची स्मरणशक्ती सुधारते का, हे तपासायला साठ जण हवे होते. दोघांनी नावं दिली. तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं तपासलं. आजार काही नव्हता. मग त्यांनी पंधरा शब्द वाचून दाखवले आणि वीस मिनिटांनी परत विचारले. बाईंना चार आठवले, मास्तरांना पाच.

त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्या. बाई भरभर चालण्याच्या गटात गेल्या, मास्तर बसल्या जागी हातपाय ताणण्याच्या.

"काका, सहा महिने जास्तीचं चालणं, चढणं काही करायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "दोन गटांत फरक राहिला, तरच आम्हाला काहीतरी कळेल."

बायकोचे चार, आपले पाच, एवढ्या भांडवलावर मास्तर आठवडाभर घरात मिरवले.

बाईंचे मात्र पहिल्या आठवड्यातच नाकी नऊ आले. हॉस्पिटलच्या मागच्या व्यायामशाळेत सकाळी सातला शिट्टीवाले सर उभे असत. "चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. इतकं भरभर चालायचं," ते सांगायचे. बाईंना गाणं सोडाच, हूं म्हणणंही जड जात होतं. पोटऱ्या ठणकायच्या. पण दीड महिन्यात दम पुरायला लागला, आणि मग त्या चालताना शेजारणीशी गप्पाही छाटू लागल्या.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. कपाटाची किल्ली करायला टाकली होती. किल्लीवाल्याने आपला नवा फोन नंबर तोंडी सांगितला. कागद नव्हता, पेन नव्हतं. बाई घरी आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ फोन लावला.

"किल्ली झाली का हो?"

"झाली की, काकू."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. दहाच्या दहा आकडे. त्यांना वाटलं, उठून इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवरच्या घंटा वाजवून सांगावं. निदान मास्तरांना तरी त्यांनी दिवसभरात चारदा सांगितलं. मास्तर चौथ्यांदा म्हणाले, "ऐकलं." आणि चपला घालून बाहेर पडले.

सहा महिने संपले तेव्हा पुन्हा परीक्षा झाली. शब्द नवे होते. बाई डोळे मिटून बसल्या आणि बोलत सुटल्या. छत्री, कात्री, घोडा, खिडकी... दहा.  मग मास्तर आत गेले आणि नऊ सांगून बाहेर आले.

"नुसते हात ताणून नऊ?" डॉक्टरीणबाई दारात येऊन कागदाकडे पाहत पुटपुटल्या.

बाईंना ते काही पटेना. हल्ली वाचनालयात पेपर वाचून आलेल्या माणसाचा सदरा घामाने ओला कसा असायचा, ते आता त्यांच्या लक्षात येऊ लागलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी मास्तरांना विचारलं, "अहो, खरं सांगा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वाचनालयाचे पाच मजले चढायचो. रोज चार वेळा. त्या किल्लीच्या दिवसापासून."

"का पण?"

"तू पुढे निघून चालली होतीस. मला मागे राहायचं नव्हतं."

बाईंना हसूही आलं आणि गलबलूनही आलं. पण त्या म्हणाल्या, "आत जाऊन सांगा. नाहीतर त्या पोरीचा हिशेब चुकेल."

जन्मभर पोरांना कॉपीसाठी वर्गाबाहेर काढत आलेला माणूस खाली मान घालून आत गेला. बाईही मागोमाग गेल्या. मास्तरांनी सगळं सांगितलं. "माझा आकडा धरू नका," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग मास्तरांच्या नावापुढे तांबड्या पेनाने खूण केली आणि खुर्ची पुढे ओढली. "काका, ही नोंद वेगळी लिहावी लागेल. पण मला सांगा, दम लागायचा? किती वेळ? मध्ये थांबायचात?" त्यांचे डोळे चमकत होते. "दोघांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्यांदा परीक्षा म्हणूनही जरा सोपी जाते. सगळ्या साठांचं बघायचंय अजून." तरी त्या भराभर लिहीत होत्या.

दोघं उठताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारपासून व्यायामशाळा दोन्ही गटांना खुली आहे."

"किती वाजता?" मास्तरांनी विचारलं.

"सातला," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या रांगेत मी असते."