नवव्या माणसाचे आकडे

आमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि त्याने मला काय काम करता असं विचारलं, की माझ्याआधी बाबाच उत्तर देतात, "ती ओल जिरवते." पाहुण्याला वाटतं मी गच्च्यांची कामं घेते. एका गृहस्थांनी तर मला त्यांची गळकी गच्ची बघायला घरी बोलावलं होतं. मग मला सांगावं लागतं, की मी मोठ्या माणसांसाठी डायपर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि पाहुणा घाईघाईने हवापाण्याच्या गप्पांवर येतो. मला याचा राग येतो. कोणी पूल बांधत असेल तर लोक खोदून खोदून विचारतात. ज्या वस्तूवर म्हातारपणातली अर्धी इभ्रत टिकून असते तिच्याबद्दल मात्र कोणी ओ की ठो बोलत नाही.

खरं तर ते सगळं चार थरांचं काम आहे. वर अंगाला लागणारं मऊ, न विणलेलं कापड. त्याने ओल अडवायची नाही, खाली जाऊ द्यायची. त्याखाली पसरवणारा थर, तो एका जागी आलेलं पाणी लांबवर नेतो. मग गाभा: लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात साखरेसारखे दाणे, जे पाणी पिऊन फुगतात आणि जेलीसारखे होतात. शेवटी बाहेरचा पातळ पापुद्रा. यातला पसरवणारा थर नवीन होता आणि तो माझा होता. दोन वर्षं मी हात धुऊन त्याच्यामागे लागले होते.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना टेबलावर सपाट ताणून ठेवतो, नळीतून त्यावर निळं मिठाचं पाणी सोडतो आणि ते आत जायला किती सेकंद लागले ते मोजतो. दहा मिनिटांनी पुन्हा, मग आणखी एकदा. शेवटी टीपकागद ठेवून त्यावर वजन द्यायचं. कागद जितका कोरडा तितका नमुना चांगला. सेकंद मोजायचं काम गेली सव्वीस वर्षं एकच बाई करतात. त्यांना सगळे सेकंदकाकू म्हणतात. त्यांचा चहा बरोबर चार मिनिटांत संपतो, आणि समोरच्याला पाच लागली तर त्या त्याच्याकडे बघत बसतात.

बाबा शिंपी. पन्नास वर्षं कोट-पॅन्ट शिवले. दुकान होतं तोवर त्यांना सगळे मास्तर म्हणत. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, आणि गेल्या वर्षी प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांचा लघवीवरचा ताबा गेला. ते याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त घरातल्या गादीच्या खुर्च्यांवर बसायचं त्यांनी एकेक करून बंद केलं. पुढच्या खोलीत खिडकीशी एक लाकडी स्टूल आहे, पुसून काढता येतं म्हणून ते तेवढ्यावर बसत. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर मित्रांबरोबर तासभर टवाळक्या करायचे, तेही सुटलं.

नवा नमुना माणसांवर वापरून बघायची वेळ आली तेव्हा आठ माणसं मिळाली. नववे म्हणून मी बाबांचं नाव घातलं, साहेबांना सांगून, कागदावर सही घेऊन, सगळं रीतसर. कोऱ्या नमुन्याचं वजन पिशवीवर लिहिलेलं असतं. वापरलेला नमुना त्याच पिशवीत घट्ट बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वजनकाट्यावर ठेवायचा. वाढलेलं वजन म्हणजे जिरलेली ओल. सोबत एक तक्ता भरायचा: गळती झाली का, कपडे भिजले का, अंगाला ओल लागली का. आपल्या बापाच्या असल्या पिशव्या रोज सकाळी गाडीत घालून कामावर नेणारी मुलगी तुम्ही पाहिली नसेल. मी मात्र ते मोठ्या उत्साहाने करत होते.

बाबांचा तक्ता म्हणजे हुशार मुलाचं प्रगतिपुस्तक. एकवीस दिवस गळती नाही, कपडे कोरडे, त्रास नाही. बाकीच्यांनी कधीमधी एखादा डाग कळवला होता, यांनी एकही नाही.

"कसं आहे बाबा?" मी रोज विचारायचे.

"फर्स्ट क्लास. तुझ्या हाताला गुण आहे, इंजिनियरबाई."

आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसायचे.

मधे दोनदा त्यांना उठताना चक्कर आली. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर ताण दिसतोय, पाणी वाढवा. तेव्हापासून रोज सकाळी निघताना मी दीड लिटरचा जग भरून स्टुलाशेजारी ठेवायला लागले. संध्याकाळी तो रिकामा असायचा. तरी त्यांचे ओठ सुकलेले आणि डोळे खोल गेलेले दिसायचे. मी म्हटलं, वय झालं.

शुक्रवारी अहवाल साहेबांपुढे जायचा होता. मंजुरी मिळाली की महिन्याभरात हाच माल यंत्रावर चढणार होता. बुधवारी सकाळी सेकंदकाकू चष्मा नाकाच्या टोकावर आणून आकडे तपासत होत्या.

"नऊ नंबर कोण आहे हो?" त्यांनी विचारलं.

"का? सगळ्यात चांगले आकडे आहेत ते."

"चांगले कसले? एका नगाला पंचावन्न ग्रॅम, सत्तर ग्रॅम. बाकीचे बघा, कोणी अडीचशे, कोणी तीनशे. हा माणूस पाणी पितो की नुसता बघतो?"

"काकू, तुम्ही सेकंद मोजा. ग्रॅमचं मी बघते."

माझ्या नाकावर राग असतो हे त्यांना माहीत आहे. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि त्या चहाला निघून गेल्या.

मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. ते आकडे मी स्वतः लिहिले होते. लिहिताना रोज मला आनंद झाला होता, कारण आमच्या टेबलावर कमी आकडा म्हणजे नेहमी चांगलाच असतो: कमी सेकंद, टीपकागदावर कमी ओल. एकवीस दिवस मी बापाची तहान वजनकाट्यावर ठेवत होते आणि तिला माझ्या थराची करामत समजत होते.

अर्धी रजा टाकून मी दुपारी घरी पोचले. बाबा स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते. दोन्ही हातांनी जग धरून त्यातलं पाणी फिल्टरच्या टाकीत परत ओतत होते, एक थेंबही बाहेर न सांडता. ओतून झाल्यावर त्यांनी जग पालथा घातला आणि वळले तर समोर मी.

"लवकर आलीस?"

"बाबा, हे रोज चालतं?"

"टाकून द्यायचं जिवावर येतं," ते म्हणाले. "चांगलं पाणी आहे."

हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी ओरडले. "मूत्रपिंड घालवून बसायचंय का तुम्हाला? मला फसवून काय मिळालं?"

ते पुढच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. मी मागोमाग गेले.

"पहिल्याच दिवशी गळलं होतं गं," ते हळूच म्हणाले. "इथेच बसलो होतो. पाटलोण धुऊन वाळत टाकली. संध्याकाळी तू आलीस ती दारातूनच कसं आहे, कसं आहे करत. दोन वर्षं तुला खपताना बघितलंय मी. माझ्यापायी तुझं काम नापास व्हायचं? मग म्हटलं, आपणच जरा कमी प्यावं."

स्टुलाची कड बोटाने पुसत ते म्हणाले, "आणि सांगणार कसं? मुलीला?"

मला माझीच लाज वाटली. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता मी तीन आठवडे त्याचा तक्ता वाचत होते.

त्याच दुपारी मी उरलेल्या आठांना फोन केले. गळतीचं विचारलंच नाही. पाणी किती पीत होता, एवढंच विचारलं. तिघांनी सांगितलं, अहो, परीक्षा चालू होती ना, म्हणून जरा जपूनच. त्यातल्या एक आजी तर म्हणाल्या, "तुमचा नमुना बिघडायला नको म्हणून मी दुपारचा चहासुद्धा सोडला." ओल बाहेर आली का याचे आमच्या तक्त्यात तीन रकाने होते. पोटात किती गेली याचा एकही नव्हता, आणि तो तक्ता मीच आखला होता.

गुरुवारी मी अहवाल मागे घेतला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"एका माणसासाठी?"

"चार, साहेब. आणि त्यातला एक माझा बाप आहे."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "दोन महिने. त्यावर एक दिवस मिळणार नाही." मी मान हलवली. ही झाली सोपी गोष्ट.

अवघड गोष्ट घरी स्टुलावर बसली होती. गुपित फुटलं की बाबा पाणी प्यायला लागतील, असं मला वाटलं होतं. छे! आता ते माझ्यादेखत ग्लास उचलायचे, ओठ ओले करायचे आणि खाली ठेवायचे. मी समजावलं, विनवलं, रागावले. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं, तेही सांगून झालं. बाबा सगळ्याला हो हो म्हणायचे. "पण ते गळतं, बाई," एवढंच त्यांचं उत्तर. त्यात खोटं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी मी एक कोरा नमुना त्यांच्या मांडीवर टाकला आणि समोर जमिनीवर बसले.

"मास्तर," मी म्हटलं. मी त्यांना कधी मास्तर म्हणत नाही. "दुकानात एखादं गिऱ्हाईक यायचं, कोट घालून बघायचं, फार छान म्हणायचं आणि घरी नेऊन कपाटात टाकायचं. काखेत काचतो हे सांगायचंच नाही. असल्या गिऱ्हाइकाचं काय करायचात तुम्ही?"

"डोक्यात जायचं ते," बाबा ताडकन म्हणाले. "अरे, काचतं तर सांग ना! शिवण सैल करायला वेळ कितीसा लागतो? न सांगता गेलास तर पुढचे दहा कोट तसेच काचणार की."

बोलून गेले आणि त्यांची नजर मांडीवरच्या नमुन्यावर गेली.

हळूहळू त्यांची बोटं नमुन्यावर फिरायला लागली. गाभा कुठे जाड, कुठे पातळ, ते त्यांनी खिडकीबाहेर बघत बघतच चाचपलं.

"हे तुम्ही तपासता कशावर?"

"टेबलावर. सपाट ठेवून."

"आणि माणसाच्या अंगावर माप बघता ते?"

"उभं करून."

"तरीच. पॅन्टचं माप उभ्याने घ्यायचं आणि मग गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून बघायचं. बसलं की कापड मागे खेचलं जातं आणि पुढे चुण्या पडतात." त्यांनी नमुना मधोमध मुडपला. "ही घडी बघ. तुमचा सगळा माल घडीच्या पुढे. ते दाणे फुगले की इथेच बूच बसणार. मग पाणी जाईल कुठे? मागे. आणि मागे तर तुम्ही काही ठेवलेलंच नाही."

मी तो नमुना हातात घेतला, दोनदा मुडपून बघितला. माझा लाडका थर नेमका घडीत चिमटला जात होता. एरवी माझ्या कामात कोणी नाक खुपसलं तर मी फाडून खाते. त्या दिवशी मला राग आला नाही.

"हा तुमचा अंदाज," मी म्हटलं. "मला खात्री करायला हवी. आणि त्याला ओल लागते, बाबा. आमच्याकडे दिवसभर स्टुलावर बसणारं दुसरं कोणी नाही."

त्यांनी स्टुलाशेजारच्या पाण्याच्या जगाकडे बघितलं. मग त्यांनी ग्लाससाठी हात पुढे केला.

पहिला ग्लास त्यांनी औषधासारखा घेतला. दुसरा अर्ध्या तासाने. तिसऱ्याच्या वेळी मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण कोणी टक लावून बसलं की माणसाला काहीच धड होत नाही. भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. बाहेर काही आवाज नव्हता. वाटलं, झालं असेल आणि नेहमीसारखं लपवायला गेले असतील. बाथरूमच्या दाराची कडी वाजते का, ते ऐकत मी नळ बंद करून उभी राहिले.

"ए इंजिनियरबाई! इकडे ये!"

दुकान बंद केल्यापासून इतक्या मोठ्याने ते ओरडले नव्हते. मी धावत गेले. बाबा स्टुलावर एक हात टेकून उभे होते. पाटलोण मागून डाव्या मांडीपर्यंत भिजली होती. स्टुलावर ओल होती, थोडी फरशीवरही. त्यांनी मान खाली घातली नव्हती. माझ्याकडे बघत त्यांनी हात मागे नेला आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं.

"इथून. उजवीकडे टिपूस नाही, पुढेही नाही. डावीकडून, घडीच्या मागून."

मी जागा लिहून घेतली. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण मला रडू फुटलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

"रडतेस काय? नापास झालं म्हणून?"

"नाही, बाबा."

"मग फडकं आण," ते म्हणाले. "आणि येताना पाणी आण, चांगलं तांब्याभर. तीन आठवडे झाले, मला फार तहान लागलीय गं."