सौणूच्या घराटातलं पांढरं पीठ

मित्रांनो, माझ्या तोंडात कुणी काही टाकलं की मी आधी त्याचा वास घेतो. ही खोड म्हातारपणी जास्तच वाढली आहे. गढवालच्या डोंगरात, ओढ्याच्या पाण्यावर गरगरणारं मी एक दगडी जातं. इकडे मला घराट म्हणतात.

माझा आताचा मालक सौणू, त्याच्या आजोबांनी नदीतला खडक फोडून मला घडवलं. तेव्हापासून मी जव, गहू आणि मुख्य म्हणजे मंडवा, म्हणजे तुमची नाचणी, दळत आलो. सगळं कोंड्यासकट. मी सावकाश फिरतो, त्यामुळे पीठ तापत नाही. "घराटाची भाकरी खाल्ली की चढण जाणवत नाही," असं बायका म्हणायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग डांबरी रस्ता आला आणि पिशवीबंद पांढरं पीठ आलं. ज्याला वास नाही, कोंडा नाही, ते धान्य कसलं? मला संशय आला, पण लोकांना आला नाही. माझ्या दाराशी गवत माजलं. सौणू दिवसदिवस विड्या ओढत बसून राहायचा.

अशात विपिन नावाचा एक व्यापारी आला. गोड बोलायचा. "सौणू दा, शहरात लोक घराटाचं पीठ शोधत फिरतात!" सौणूने गवत उपटलं, छिन्नीने टाकी लावून माझे झिजलेले दगड पुन्हा खरखरीत केले. मी पुन्हा फिरू लागलो. महिन्याभराने विपिनने एक पोतं आणून ठेवलं. "हे थोडं मिसळत जा. काळी भाकरी बघून पोरं तोंड वाकडं करतात."

पोत्यात मैदा होता. सौणू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने दार लोटलं आणि मैदा पिठात कालवला. दार का लोटलं असेल? तिथेच मला सगळं कळलं.

एका सकाळी बचुली काकी धापा टाकत खाली उतरली. तिची नातसून बाळंत झाली होती.

"मंडव्याचं पीठ दे रे. पोरीला गरम बाडी, मऊ उकड, करून घालते. माझ्या घरचा मंडवा संपलाय."

सौणूने त्या कालवलेल्या ढिगातलंच पीठ दिलं. काकीने चिमूट जिभेवर ठेवली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे दाताला का चिकटतंय?"

"ओल लागली असेल, काकी."

"ओल? बघू." तिने ओढ्याचं पाणी घेऊन पिठाचा गोळा मळला आणि दोन्ही हातांनी ओढला. मंडव्याचा गोळा लगेच तुटतो. हा रबरासारखा लांबला. काकीने तो सौणूच्या नाकासमोर धरला.

"तुझ्या आजोबांनी दळलेलं खाऊन मी सहा पोरं वाढवली. तू बाळंतिणीला काय खायला घालतोयस?"

खाली ओढा वाहत होता आणि मी नुसताच फिरत होतो.

सौणूने पाणी दुसरीकडे वळवलं. मी थांबलो. स्वतःच्या घरातून त्याने पायलीभर मंडवा आणला, मला झाडून पाणी पुन्हा सोडलं आणि काकीसमोर तो दळून दिला. मग विपिनचं पोतं पाठीवर घेऊन तो रस्त्यापर्यंत चढून गेला. संध्याकाळी गावातल्या चौथऱ्यावर उभा राहून त्याने स्वतःच गावाला सगळं सांगितलं. विपिन पुन्हा फिरकला नाही.

गावाने त्याला सहजासहजी माफ केलं नाही. बायका स्वतःचं धान्य घेऊन यायच्या आणि पीठ पिशवीत पडेपर्यंत माझ्याशेजारून हलायच्या नाहीत. "आमचं लक्ष आहे हो, सौणू दा!" असा टोमणाही मारायच्या. सौणू मान खाली घालून हसायचा आणि त्यांना बसायला गोणपाट अंथरून द्यायचा. दोन वर्षं झाली, तो अजून अंथरतो.

मित्रांनो, तुमच्या ताटात आलेलं कुणी दळलं, त्यातून काय काढलं, त्यात काय घातलं, हे विचारायला लाजू नका. विचारल्यावर जो दार लोटेल, त्याच्याकडून घेऊ नका. जो गोणपाट अंथरेल, त्याच्याजवळ बसा.